ओतीव रेझिनचे भाग अडखळू नयेत म्हणून: कोणती भुकटी, किती आणि कशी

रेझिनचा पहिला बुश (ज्याच्या भोकात पिन किंवा शाफ्ट फिरतो ती नळी) ओतला तेव्हा मी त्यात ग्राफाइट सढळ हाताने घातलं होतं. साच्यातून निघाला तो काळाभोर आणि आरशासारखा चकचकीत. स्टीलच्या पिनवर चढवून हाताने फिरवला तर करकरायला लागला. शेजारी तुलनेसाठी ओतलेला बिनग्राफाइटचा बुशही अगदी तसाच करकरत होता. दोन दिवस मी ग्राफाइटच्या नावाने बोटं मोडली. मग वैतागून एका काडीला बारीक पॉलिश पेपर गुंडाळला आणि भोकाच्या आतून पाच-सहा वेळा फिरवला. चमक गेली, बोटाला काळं लागलं, आणि तोच बुश मुकाट फिरायला लागला.

घडलं ते असं. ओतलेलं रेझिन साच्याच्या भिंतीला टेकतं तेव्हा सगळ्यात बाहेर निव्वळ रेझिनची पातळ साय धरते. भुकटीचे कण त्या सायीच्या आत अडकून पडतात. घर्षण मात्र घडतं ते अगदी वरच्या थरात, काही मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणजे माझा पिन ग्राफाइटला शिवलाच नव्हता. पुढे जे काही सांगणार आहे, म्हणजे भुकटीची निवड, प्रमाण, ढवळणं, ओतणं, ते सगळं एकाच कामासाठी आहे: योग्य कण घासणाऱ्या पृष्ठभागावर यावेत आणि तिथे टिकावेत. भागाच्या पोटातली भुकटी म्हणजे नुसती शिल्लक. झीज झाली की ती वर येईल, तोवर तिचा घर्षणाशी काही संबंध नाही.

आधी ठरवा: भुकटी हवीच आहे का?

भुकटी घातल्याने रेझिन सहसा कमकुवत होतं. टेफ्लॉनला रेझिन धरतच नाही, त्यामुळे त्याचा प्रत्येक कण हा ताकदीच्या दृष्टीने एक बारीकसं भोकच असतो. म्हणून ज्या भागाला घासण्यापेक्षा वाकण्याचा किंवा आपटण्याचा त्रास जास्त, तिथे भुकटीच्या नादी लागू नका. साच्यात आधीच एक तयार पितळी किंवा प्लास्टिकचा बुश ठेवून त्याभोवती रेझिन ओता. सतत वेगाने फिरणाऱ्या शाफ्टसाठी तर सरळ बेअरिंगच घाला, उगाच हट्ट नको.

भुकटी शोभते ती मंद गतीच्या, हलक्या ते मध्यम भाराच्या कामात: सरकती पट्टी, खेळण्यातलं किंवा मॉडेलमधलं गिअर, मार्गदर्शक खाच, अधूनमधून फिरणारा बिजागराचा बुश. मोठ्या यंत्रांच्या सरकत्या पृष्ठभागांवरही भुकटी मिसळलेलं इपॉक्सी ओतून किंवा थापून लावतात. तेव्हा हे काही फक्त छंदवाल्यांचं खूळ नाही.

रेझिनचीही निवड लागते. कडक इपॉक्सी किंवा शोअर डी या कडकपणाच्या मापावर ७५-८०च्या आसपासचं कडक पॉलियुरेथेन घ्या. रबरासारखं मऊ पॉलियुरेथेन दाबाखाली पसरतं आणि समोरच्या पृष्ठभागाला बिलगतं. त्यात कितीही भुकटी घाला, ते चिकटपणा सोडत नाही. आणि अतिनील प्रकाशाने सेट होणारं रेझिन वापरत असाल तर ग्राफाइट विसरा. काळी पूड प्रकाश आत जाऊच देत नाही, वरची साय कडक होते आणि खाली सगळं कच्चं राहतं.

कोणती भुकटी

ग्राफाइट: नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. कार्बनचे सपाट थर एकावर एक रचलेले असतात आणि थरांमधली पकड ढिली असते, त्यामुळे पत्त्यांच्या कॅटसारखे ते एकमेकांवरून सरकतात. घनता सुमारे २.२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. उष्णता चांगली वाहून नेतं, त्यामुळे घासून तापलेली जागा लवकर निवते. पण याची एक गंमत आहे: ग्राफाइटला निसरडं राहायला हवेतली वाफ लागते. थरांच्या कडांवर पाण्याचे रेणू बसले की पकड सुटते. दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरमधले कार्बन ब्रश कोरड्या, विरळ हवेत भराभर झिजायला लागले, तेव्हा ही गोष्ट ठळकपणे लक्षात आली. आपल्या कामात हवा असतेच, त्यामुळे काळजी नाही. काळजी दोन गोष्टींची. ग्राफाइट वीज वाहून नेतं, म्हणून उघड्या सर्किटजवळ त्याची झीज पडू देऊ नका. आणि ॲल्युमिनियमला ते ओल्या जागी सतत टेकलेलं असलं तर ॲल्युमिनियम गंजून खराब होतं.

पेन्सिलीचं शिसं कुटून वापरायची कल्पना प्रत्येकाला एकदा सुचते. मलाही सुचली होती. त्यात चिकणमाती असते, पेन्सिल जितकी कडक तितकी जास्त. तुम्ही निसरडी भुकटी नव्हे, मंद पॉलिशची पावडर घालत असता.

टेफ्लॉनची पूड, म्हणजे पीटीएफई: १९३८ साली रॉय प्लंकेट शीतकरणासाठी नवे वायू शोधत होते. एका सिलिंडरचं वजन भरलेल्यासारखं होतं, पण तोटी उघडून वायू येईना. कापून पाहिलं तर आत पांढरी मेणचट पूड. तीच ही. घर्षणांक फार कमी, आणि थांबलेली वस्तू हलवायला लागणारा जोर व चालती ठेवायला लागणारा जोर यांत फरक जवळजवळ नाही. म्हणून सरकती पट्टी धक्के खात, अडखळत पुढे जात असेल तर ग्राफाइटपेक्षा टेफ्लॉन चांगलं. रंग पांढरा, वीज वाहत नाही, घनता साधारण २.२. दोष असा की तिला रेझिन भिजवत नाही, ती गुठळ्या धरते आणि सोबत भरपूर हवा आणते.

मॉलिब्डेनम डायसल्फाइड, बोलीभाषेत मॉली: ग्राफाइटसारखीच थरांची रचना, पण स्वभाव उलटा. कोरड्या हवेत आणि निर्वातात उत्तम, म्हणून अवकाशयानांच्या हलत्या भागांत वापरतात. दमटपणात जरा बिघडते. घनता तब्बल ५च्या आसपास. पातळ रेझिनमध्ये ती दगडासारखी तळाला जाते. मी ती एकटी वापरत नाही, ग्राफाइटच्या जोडीला थोडी घालतो.

षट्कोनी बोरॉन नायट्राइड हे पांढरं ग्राफाइट समजा: थर तसेच, पण वीज वाहत नाही. रंगीत किंवा पांढरा भाग हवा असेल तर चांगलं. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनची पूडही मिळते, पण तिची घनता ०.९४च्या आसपास, म्हणजे ती बुडत नाही, तरंगते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. शंखजिरं मऊ असतं आणि सहज मिळतं, पण वरच्या मंडळींच्या पंगतीत ते बसत नाही.

आणि काय घालू नये? काचेचे पोकळ गोळे, वाळूची पूड, ॲल्युमिनियम ऑक्साइड. यांनी रेझिन कडक होतं, कधी त्याची स्वतःची झीजही कमी होते, पण समोरच्या धातूवर ती कानसीचं काम करतात. काचेचे गोळे फुटले की त्यांच्या कडा ब्लेडसारख्या होतात. सिलिकॉन तेल तर अजिबात नको. चार दिवस छान वाटतं, पण ते सगळीकडे पसरतं, आणि मग त्या भागावर रंग, गोंद, पुढचं ओतकाम काहीच धरत नाही.

इथे एक गल्लत होते ती सांगून टाकतो. घर्षण कमी म्हणजे झीज कमी असं नाही. निव्वळ टेफ्लॉनचा ठोकळा सगळ्यात निसरडा, पण घासला की भराभर झिजतो. कडक रेझिनने त्याला धरून ठेवायचं आणि त्याने रेझिनला निसरडं करायचं, अशी ही भागीदारी आहे. एकालाच झुकतं माप दिलंत की दुसरा सूड घेतो.

किती घालायची

सगळे प्रमाण वजनाने सांगतात, कारण तराजूवर तेच मोजता येतं. पण पृष्ठभागावर किती जागा भुकटीची असेल हे ठरतं आकारमानाने. १.१५ घनतेच्या इपॉक्सीत वजनाने १० टक्के ग्राफाइट म्हणजे आकारमानाने साडेपाच टक्क्यांच्या आसपास. तेवढ्याच वजनाची मॉली घातली तर जेमतेम अडीच टक्के. म्हणजे ‘१० टक्के घाला’ या वाक्याला भुकटीचं नाव सांगितल्याशिवाय काही अर्थ नाही.

सुरुवातीला ग्राफाइट एकूण मिश्रणाच्या वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवा. टेफ्लॉन असेल तर १० ते २०. मॉली ग्राफाइटच्या जोडीला २ ते ५. याहून कमी घातलं तर रंग बदलतो, घर्षण फारसं बदलत नाही. याहून जास्त घातलं तर मिश्रण घट्ट होऊन साच्याच्या कोपऱ्यांत शिरत नाही, हवा अडकते आणि भाग ठिसूळ होतो. कण जितके बारीक तितकं मिश्रण लवकर घट्ट होतं, म्हणून एकाच वजनाच्या दोन पुड्या अगदी वेगळ्या वागू शकतात.

थेट भाग ओतू नका. आधी तीन-चार नाण्याएवढ्या चकत्या ओता: एक निव्वळ रेझिनची, बाकीच्या वेगवेगळ्या प्रमाणाच्या. प्रत्येकीच्या पाठीवर प्रमाण आणि तारीख खरवडून ठेवा. स्मरणशक्तीवर विसंबू नका. चार काळ्या चकत्या दुसऱ्या दिवशी अगदी सारख्या दिसतात.

मिसळणं: सगळ्यात जास्त भाग इथेच बिघडतात

भुकटी आधी सुकवा. पॉलियुरेथेन वापरत असाल तर हे ऐच्छिक नाही. पॉलियुरेथेनचा एक घटक, आयसोसायनेट, पाण्याशी भिडला की कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि भाग फेसाळतो. ग्राफाइट, मॉली, शंखजिरं पसरट ताटलीत १०० ते ११० अंश सेल्सिअसला दोन-तीन तास ठेवा आणि कोमट असतानाच झाकणबंद बरणीत भरा. रेझिनमध्ये घालण्याआधी पूर्ण निवू द्या, नाहीतर रेझिन हातातच सेट व्हायला लागेल. पॉलिइथिलीनची पूड मात्र एवढी तापवू नका, ती १३०-१३५ अंशांना वितळते आणि त्याआधीच मऊ पडते. तिला ६०-७० पुरेत.

मग बारीक चाळणीतून चाळा. टेफ्लॉन थंड असताना चाळा. ऊब लागली की ते कापसासारखं एकमेकांना चिकटतं.

भुकटी नेहमी एकाच घटकात आधी मिसळायची. इपॉक्सीत ती रेझिनच्या बाजूत, हार्डनरमध्ये, म्हणजे रेझिनला कडक करणाऱ्या दुसऱ्या घटकात, नाही. पॉलियुरेथेनमध्ये पॉलिऑलच्या, म्हणजे दुसऱ्या घटकाच्या बाजूत, आयसोसायनेटमध्ये कधीच नाही. दोन्ही घटक एकत्र केल्यावर भुकटी घालायला गेलात तर ढवळता ढवळता वेळ संपतो. जलद सेट होणारं पॉलियुरेथेन तुम्हाला काही मिनिटंच देतं.

आता ती चूक, जी मी स्वतः केली आहे. समजा १०० ग्रॅम रेझिनला ५० ग्रॅम हार्डनर लागतो. तुम्ही रेझिनमध्ये २० ग्रॅम ग्राफाइट मिसळून ठेवलं. आता कपात १२० ग्रॅम आहे. हार्डनर किती? ५० ग्रॅमच. ६० नव्हे. ग्राफाइट हार्डनरशी काही देवाणघेवाण करत नाही. मी घाईत एकूण वजनाचं निम्मं घातलं, भाग सेट झाला पण दुसऱ्या दिवशीही नखाने ओरखडा उमटत होता, आणि शाफ्टला तो गोंदासारखा बिलगला. त्याच्या उलटही होतं: भुकटी मिसळलेलं रेझिन मोठ्या डब्यात तयार ठेवलं आणि त्यातून १०० ग्रॅम काढलं, तर त्यात खरं रेझिन ८३ ग्रॅमच आहे आणि हार्डनर साडेएकेचाळीस ग्रॅम लागेल. डब्यावर हे गणित लिहूनच ठेवा.

ढवळताना भुकटी एकदम ओतायची नाही. आधी थोड्याशा रेझिनमध्ये सगळी भुकटी घालून घट्ट लगदा करा आणि तो पसरट पात्याने कपाच्या भिंतीवर दाबत, घोटत राहा. गुठळी घट्ट लगद्यातच फुटते. पातळ रेझिनमध्ये ती पात्याला हुलकावणी देत फिरत राहते. लगदा एकजीव झाला की मग उरलेलं रेझिन हळूहळू घाला. काचेच्या तुकड्यावर एक थेंब पसरवून उजेडात धरा. ठिपके दिसले तर अजून घोटायचं आहे.

टेफ्लॉनसाठी एक जादा सल्ला: मिसळलेलं रेझिन हार्डनर न घालता, झाकण लावून रात्रभर ठेवा. कणांभोवतीची हवा सावकाश वर येते आणि रेझिन जमेल तितकं आत शिरतं. सकाळी पुन्हा सावकाश ढवळा. व्हॅक्यूमचं भांडं असेल तर हार्डनर घालण्याआधीच हवा काढा, आणि कप एक तृतीयांशच भरा, कारण मिश्रण फुगून वर येतं. मी हे एकदा विसरलो होतो. भांड्याच्या झाकणाखालची काळी रांगोळी अजून तशीच आहे.

तोंडावर धुळीचा मास्क, हातात नायट्राइलचे हातमोजे. आणि टेफ्लॉन हाताळताना धूम्रपान अजिबात नको: पूड लागलेली सिगारेट पेटली की टेफ्लॉन जळून निघणाऱ्या धुराने तापासारखं दुखणं जडतं. त्याच कारणाने टेफ्लॉन मिसळलेले तुकडे जाळायचे नाहीत आणि त्यांच्यावर गॅसची ज्योत फिरवायची नाही.

तळाला बसणारी भुकटी: आधी शत्रू, मग मित्र

रेझिन सेट होईपर्यंत कण खाली जात राहतात. किती वेगाने, ते स्टोक्सच्या नियमाने काढता येतं: वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या आणि घनतेतल्या फरकाच्या प्रमाणात वाढतो, आणि द्रव जितका घट्ट तितका कमी होतो. आकडे घालून पाहा. १ पास्कल-सेकंद घट्टपणाच्या इपॉक्सीत १० मायक्रॉनचा ग्राफाइटचा कण तासाला जेमतेम ०.२ मिलिमीटर उतरतो. मॉलीचा तेवढाच कण पाऊण मिलिमीटर. पण ५० मायक्रॉनचं जाडं ग्राफाइट घेतलं तर व्यास पाचपट, वेग पंचवीसपट: तासाला पाच मिलिमीटरच्या वर. चोवीस तासांनी सेट होणाऱ्या संथ इपॉक्सीत अशा भागाचा वरचा अर्धा स्वच्छ आणि खालचा काळा मिळतो. (ग्राफाइटचे कण गोल नसून चपटे असतात, त्यामुळे प्रत्यक्षात ते जरा सावकाश उतरतात. अंदाजापुरतं हे गणित पुरे.)

यावर उपाय तीन. बारीक कण घ्या, १० मायक्रॉन किंवा कमी. लवकर सेट होणारं रेझिन घ्या, किंवा कपातच घट्ट व्हायला लागेपर्यंत थांबून मग ओता. किंवा फ्यूम्ड सिलिका (द्रव जाड करणारी सिलिकाची अतिसूक्ष्म पूड) वजनाने १ ते २ टक्के घालून मिश्रण जाड करा. शेवटचा उपाय सगळे सुचवतात, पण मला तो घासणाऱ्या भागात फारसा आवडत नाही. तिचे कण अतिसूक्ष्म असले तरी ती शेवटी सिलिकाच, आणि जाड मिश्रणातून बुडबुडे निघत नाहीत.

मला आवडतो तो चौथा: गुरुत्वाकर्षणाशी भांडायचंच नाही. सपाट सरकती पट्टी ओतताना घासणारी बाजू साच्यात खाली ठेवा. ग्राफाइट आणि मॉली आपसूक तिथे गोळा होतात, आणि वरचा भाग, जिथे ताकद हवी, तो जवळजवळ निव्वळ रेझिनचा राहतो. पॉलिइथिलीनची पूड तरंगते, म्हणून तिच्यासाठी घासणारी बाजू वर. एकाच ओतकामात दोन स्वभावांचा भाग मिळतो. गोल बुशला ही युक्ती चालत नाही. तिथे बारीक कण आणि चटकन सेट होणारं रेझिनच हवं.

साच्यावर भुकटी चोपडणं

गिअरच्या दातांवरून पॉलिश पेपर फिरवायचा म्हटलं तर दातांचा आकार बिघडतो. अशा भागांसाठी ओतण्याआधी सिलिकॉनच्या साच्यातच कोरडं ग्राफाइट मऊ ब्रशने चोपडा. साचा कोरडा आणि स्वच्छ हवा, ओला रिलीज (भाग साच्यातून सुटावा म्हणून लावायचं द्रव्य) नको. सगळीकडे राखाडी झाक आली की साचा उलटा करून टपटप आपटा आणि सुटी पूड काढून टाका. ढीग राहिला तर तिथे रेझिन पोहोचत नाही आणि दातावर पोपडा निघतो. मग भुकटी मिसळलेलं रेझिन बारीक धारेने एका कोपऱ्यातून ओता. साच्यावरचे कण सायीतच रुततात, आणि भाग बाहेर येतो तो आधीच बोटाला काळं लावणारा.

ओतल्यावर भागाला पुरेसा वेळ द्या. ‘हाताला कडक लागतो’ आणि ‘पूर्ण सेट झाला’ यांत इपॉक्सीच्या बाबतीत काही दिवसांचं अंतर असू शकतं. अर्धवट सेट झालेला भाग घासून पाहिला तर तो चिकटच वाटणार, आणि तुम्ही भुकटीलाच नावं ठेवणार. शक्य असेल तर उत्पादकाच्या पत्रकात सांगितल्याप्रमाणे भाग गरम करून घ्या. नुसत्या खोलीच्या तापमानाला सेट केलेलं साधं इपॉक्सी बहुधा ५०-६० अंशांच्या आसपासच मऊ व्हायला लागतं, आणि घासणारी जागा तिथवर तापायला वेळ लागत नाही.

साय काढणं

भाग आधी साबणाच्या पाण्याने आणि मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. साच्याचा रिलीज पृष्ठभागावर राहिला असेल तर पहिल्या दिवशी भाग लोण्यासारखा सरकतो आणि आठवड्याने जाम होतो. तो निसरडेपणा उसना असतो.

मग ओला पॉलिश पेपर. ४०० नंबरच्या पेपरने सुरुवात, ८०० किंवा १०००ला थांबा (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक). ओलाच घासायचा, म्हणजे धूळ उडत नाही. सपाट भागासाठी पेपर काचेवर ठेवा आणि भाग त्यावर इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. चमक एकसारखी मळकट झाली आणि पांढऱ्या चिंधीवर स्पष्ट काळा डाग उमटला की थांबा. टेफ्लॉनच्या भागावर डाग दिसत नाही. तिथे भिंगातून पाहा, रेझिनच्या रंगात पांढरट ठिपके उघडे पडलेले दिसतात. बुशचं भोक सुरुवातीलाच जरा लहान ओतून रीमरने (भोक मापात कातणाऱ्या हत्याराने) मापाला आणलं तर साय आणि माप दोन्ही कामं एका फटक्यात होतात.

मापाबद्दल एक गोष्ट. इपॉक्सी तापल्यावर स्टीलच्या चार-पाच पट प्रसरण पावतं. १० मिलिमीटर जाडीचा भाग ४० अंशांनी तापला तर सुमारे ०.०२ मिलिमीटर फुगतो. धातूच्या घरात घट्ट बसवलेल्या बुशला बाहेर जायला वाट नसते, म्हणून तो आत फुगतो आणि शाफ्ट आवळतो. थंड असताना ‘अगदी अचूक’ बसलेला बुश चालता चालता जाम होतो तो यामुळे. थोडा खुळखुळणारा बुश बरा.

समोरचा पृष्ठभाग

निम्मं काम त्याचं. ग्राफाइट किंवा टेफ्लॉन घासताना त्याचा पातळ थर समोरच्या धातूवर जाऊन बसतो आणि मग घासतात ते एकाच जातीचे दोन थर. शाफ्ट खरखरीत असेल तर थर बसण्याआधीच बुश खरवडला जातो. उलट आरशासारखा शाफ्ट असेल तर थराला धरायला काही उरत नाही. बारीक पेपरने सारखा केलेला, ०.२ ते ०.४ मायक्रॉनच्या आसपास खरखरीतपणाचा स्टीलचा शाफ्ट योग्य. मोजायचं यंत्र नसेल तर १०००चा पेपर फिरवा आणि नख आडवं ओढून पाहा, कुठे अडकता कामा नये. मऊ ॲल्युमिनियम टाळा. रेझिनवर तेच रेझिन घासायची रचनाही टाळा.

मुरवणं आणि मोजणं

नवा भाग पूर्ण भाराने लगेच चालवू नका. हलक्या भाराने, सावकाश, पंधरा-वीस मिनिटं पुढे-मागे. धातूवर मंद राखाडी चट्टा दिसायला लागेल. तो मळ नाही, तोच तो थर. माझ्याकडे कामाला येणाऱ्या एका पोराने पहिल्याच दिवशी तो मोठ्या निष्ठेने थिनरने पुसून काढला होता, आणि आम्हाला पुन्हा पहिल्यापासून मुरवावं लागलं.

फरक पडला की नाही हे मनाच्या समजुतीवर सोडू नका. स्टीलची सपाट पट्टी घ्या, अल्कोहोलने पुसा, तिच्यावर चकती ठेवा आणि पट्टीचं एक टोक हळूहळू उचला. ज्या कोनाला चकती सरकते त्या कोनाचा टॅन म्हणजे घर्षणांक. ५.७ अंशांना सरकली तर ०.१, ११.३ला ०.२, १६.७ला ०.३, २१.८ला ०.४. प्रत्येक चकती दहादा सरकवा आणि मधला आकडा धरा. पहिल्या दोन-तीन वेळा नेहमी वेगळ्या येतात. हा थांबलेल्या अवस्थेतला घर्षणांक आहे आणि भारही चकतीच्या वजनापुरताच. टेफ्लॉनचा घर्षणांक भार वाढला की उतरतो, त्यामुळे या चाचणीत ते स्वतःच्या लायकीपेक्षा जरा वाईट दिसतं. चकत्यांची आपसात तुलना करायला मात्र याहून सोपं काही नाही. साय काढण्याआधी आणि काढल्यानंतर अशा दोन्ही वेळा मोजा.

बिघडलं तर

करकर येत असेल तर साय राहिली आहे किंवा थर पुसला गेला आहे. चिंधीचा डाग पाहा.

सुरुवातीला छान आणि तासाभराने जड होत असेल तर भाग तापतोय. फट वाढवा, वेग कमी करा, किंवा ग्राफाइट थोडं वाढवा म्हणजे उष्णता निघून जाईल. दाब आणि वेग यांचा गुणाकार जितका मोठा, तितकी जागा तापते. दोन्ही एकदम वाढवून कुठलीच भुकटी साथ देणार नाही.

काळी पूड सतत गळत असेल तर दोन शक्यता. भुकटी जास्त झाली आणि रेझिन तिला धरू शकत नाही, किंवा हार्डनरचं माप चुकलं. नख ओढून पाहा. ओरखडा उमटला तर हार्डनर, नाही उमटला तर भुकटी.

शाफ्टवर चरे पडत असतील तर भुकटीत काहीतरी कडक आहे. थोडी पूड दोन काचांच्या मध्ये चोळा आणि काचेवर ओरखडे उमटतात का पाहा. स्वस्त नैसर्गिक ग्राफाइटमध्ये खाणीतली माती आणि क्वार्ट्‌झ राहिलेलं असू शकतं. मी आता नवी पिशवी फोडली की रेझिनला हात लावायच्या आधी दोन काचाच काढतो.